लाव्हे, तितर आणि रात्रीची पाणीपाळी : नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, राम राम.

गेल्या लेखात मी लिहिलं होतं की दिवाळी सरून थंडी पडायला लागली की खान्देशात गिरणा-बोरी नद्यांच्या काठच्या गावांमध्ये बाहेरच्या गाड्या दिसू लागतात, रात्री-पहाटे शिवारात बॅटऱ्या आणि एअरगन फिरतात, लाव्हे, तितर, पाणकोंबड्या, बदकं मारली जातात आणि गावातल्या लोकांना याची धास्ती वाटते. त्यावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : आपले आजे-पणजे लाव्हे धरायचे, त्यानं पाखरं संपली नाहीत. शिकार बंद करा म्हणणं म्हणजे पारधी आणि भिल्ल यांच्या पोटावर पाय. भोरड्या (गुलाबी मैना) दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, फस्त करतात तेव्हा हे पक्षीप्रेमी कुठे असतात? सरकारने सरळ दोन-तीन महिन्यांचा हंगाम ठरवून परवाने द्यावेत. आणि शेवटचा टोला, 'नागरिकांची चिंता' म्हणजे दोन-चार निवृत्त मास्तरांचा दुर्बिणी घेऊन चाललेला फावल्या वेळचा उद्योग.

टोल्यापासूनच सुरुवात करतो.

माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्यांत दुर्बीण असलेला एकही नव्हता. त्यात रब्बीला पाणी भरणारे शेतकरी होते, पहाटे कापूस वेचायला निघणाऱ्या बाया होत्या, शेळ्या वळणारी पोरं होती. शेतीपंपाची वीज कधी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकी रात्री. गिरणेचं आवर्तन सुटलं की पाटाची पाळीही रात्री-अपरात्रीच हाती लागते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत हरभरा, गहू, मका भिजवायला माणूस रात्री वावरात असतो, अंगावर काळी नाहीतर खाकी चादर घेऊन, दांडाशी वाकून बारं मोडत. आणि त्याच अंधारात, त्याच पिकात, कुणीतरी अनोळखी माणूस हरभऱ्यात काय हललं ते बघून चाप ओढायला बसलेला असतो. बोरीकाठची एक बाई मला म्हणाली, "रातले वावरमा पानी भराले जावानं का घरमा बसानं? बॅटरी चमकनी का जीव धकधक करस." तिचा नवरा पाण्यावर होता. पाखरांबद्दल तिनं अक्षरही काढलं नाही.

नाना, माझा सगळा लेख खरं तर या बाईचा होता. 'पाखरं वाचवा' या अंगाने तुम्ही तो वाचलात आणि मग दयेवर वाद घातलात. दया असो-नसो, मला ती असायला हरकत नाही. पण गावाचं म्हणणं वेगळं आहे. आमच्या वावरात आमच्या परवानगीशिवाय, हत्यार घेऊन, रात्री कुणी का यावं? विचारलं तर दमदाटी का व्हावी? तारेचं कुंपण कापलेलं, ठिबकच्या नळ्या तुडवलेल्या, बांधावर बाटल्या फोडलेल्या. हा ताप पाखरांना नाही, माणसांना आहे. एअरगनच्या छऱ्याने माणूस मरत नाही असं कुणी म्हणेल. डोळ्यात गेला तर? आणि अंधारात ती एअरगन आहे की गावठी, हे दुरून ओळखणार कसं? त्यातून कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे ती कुणाकडे आहे याची पोलीस ठाण्यातही नोंद नसते.

आता तुमच्या हंगामाकडे येतो. तुमच्या लहानपणी बंदूकवाले साहेब, वकील, डॉक्टर परवाने घेऊन यायचे, हे तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. तशी पद्धत होतीच. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात सरकारला बंदीचा काळ जाहीर करता येत होता, म्हणजे उरलेल्या काळात शिकार उघडी. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्यप्राणी आणि वन्यपक्ष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा खान्देश मुंबई राज्यातच होता. १९७२ च्या केंद्राच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला मोठी शिकार, छोटी शिकार, सापळे असे वेगवेगळे परवाने होते. ते सगळं १९९१ च्या दुरुस्तीने संपलं. तेव्हापासून हंगाम नाही, परवाना नाही. मारणं तर सोडाच, जाळं लावणं, फासा मांडणं, आमिष टाकणं, अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं हेही कायद्याच्या लेखी शिकारच. तसा नुसता प्रयत्नही शिकारीत धरला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दंडही वाढवला. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तिथे कैद किमान ३ वर्षं.

कायदा आहे म्हणून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. कायदा बदलावा असं तुम्ही म्हणू शकता. पण मग सांगा, परवाना निघाला तर तो कुणाला मिळेल? तालुक्याला खेटे घालून, फी भरून, ओळखी लावून तो घेणारा कोण? ज्या भिल्ल-पारध्यांच्या नावाने तुम्ही हा हंगाम मागताय, त्यांच्यातल्या किती जणांकडे धड जातीचा दाखला आहे? जुन्या पद्धतीतही परवाना साहेबाच्या खिशात असायचा आणि पारधी हाकारे घालायचा. उद्या परवाने निघाले तर तेच होईल, फक्त साहेबाच्या जागी प्लॉटिंगवाला असेल आणि त्याच्या हातात कागद असल्यामुळे त्या बाईच्या नवऱ्याला 'इथून निघा' म्हणायचीही सोय राहणार नाही.

एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडण नाही, तो गरिबांचा. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्यांच्याकडे पोलीस आजही कसे बघतात ते आपल्याला माहीत आहे. फासा घेऊन पायी चाललेला पारधी पकडायला सोपा असतो. त्याच्या पिशवीत चार लाव्हे निघाले की बातमी होते, फोटो निघतो. आणि पांढऱ्या गाडीच्या डिकीत गोणीभर पाखरं असतात, ती नाक्यावरून सरळ निघून जाते. यात तुम्हाला चीड येते ती मलाही येते. पण यातून शिकार मोकळी करा हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला उमगलं नाही. मला तर उलटं दिसतं. तो पारधी आज घरच्या कालवणासाठी लाव्हे धरत नाही. त्याला फोन आलेला असतो. फोन करणाऱ्याला पाखरू पन्नासात हवं असतं आणि ते हायवेच्या कडेला ताटात जातं तेव्हा त्याचे किती होतात हे धरणाऱ्याला कधी कळत नाही. पाळलेली जपानी लाव्ही बाजारात मिळते आणि तीच आहे असं सांगून रानातली खपवणं सोपं जातं. विकणं गुन्हा आहे तसं विकत घेणं आणि जवळ बाळगणंही गुन्हाच आहे. कारवाई ताटापासून सुरू झाली तर फासेवाल्यावर हात टाकायची वेळ फारशी येणारच नाही. ढाब्यावर बसून 'जंगलची आहे का?' असं हळूच विचारणारे आपल्याच ओळखीचे, आपल्याच नात्यातले असतात, नाना. शेवभाजी मागवली तर काय कमीपणा येतो यांना, कुणास ठाऊक.

आजे-पणजे लाव्हे धरायचे, हेही खरं. माझेही धरत असतील. पण त्यांच्या हातात घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फासा होता आणि पायी जाता येईल एवढं रान. आताच्या मंडळींकडे तितराचा आवाज मोबाइलमध्ये भरलेला असतो, छोटा स्पीकर झुडपात ठेवला की दोन-दोन शिवारांतले नर भांडायला धावून येतात. नायलॉनचं जाळं रात्रभर बांधावर उभं राहतं आणि त्यात लाव्ह्यांबरोबर पिंगळे, चंडोल, वटवाघळं, जे सापडेल ते अडकतं. याला परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा.

भोरड्यांचं मात्र सविस्तर बोलू, कारण तिथे तुमचा राग शेतकऱ्याचा आहे आणि तो रास्त आहे. मध्य आशियातून ही पाखरं पावसाळा संपता संपता आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. दादर निसवून दाणा भरायच्या वेळी थवा उतरला की कणीस कणीस वेचून काढतात. ज्याची दादर दोन-चार बिघेच आहे आणि आजूबाजूला सगळा मका नि कापूस, त्याच्यावर सगळा भार पडतो. पूर्वी साऱ्या शिवारात दादर असायची, नुकसान वाटलं जायचं, आणि प्रत्येक वावरात मचाणावर गोफण घेऊन कुणीतरी असायचं. आता राखणीला माणूस मिळत नाही. चकाकणाऱ्या फिती, डबे, फटाके, सगळ्याला ती चार दिवसांत सरावतात. हे दुःख खरंच आहे.

पण नाना, गाडीतून येणारे भोरड्या मारत नाहीत. भोरडीत मांस किती असतं? ते लाव्हे आणि तितर मारतात. तितर वाळवी खातो, किडे खातो, पडलेला दाणा खातो, उभं कणीस तो काय खाणार! म्हणजे तुमची दादर आहे तिथेच राहते आणि तिच्या नावावर दुसऱ्याची पार्टी होते. आणि भोरडीचंही एकच अंग बघू नये. ती जिथे विणीला जाते तिथे टोळ-नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते, चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरायला माणसं तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय करतात. आपल्याकडे कृषी विभाग हरभऱ्यात पक्षीथांबे लावा म्हणून सांगतो, पेरताना ज्वारीचे चार दाणे मिसळा म्हणतो, म्हणजे त्या ताटांवर पाखरं बसतील आणि घाटेअळी टिपतील. तुमच्या हरभऱ्यात मी स्वतः ती ज्वारीची ताटं पाहिली आहेत. कोतवाल, साळुंक्या, बगळे फुकट फवारणी करतात आणि संध्याकाळी त्याच बांधावर जाळं लागतं.

विषाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच काढतो. फेब्रुवारी-मार्चला नाल्यांतली डबकी आटतात, पाणी थोडं उरतं, पाखरांना तिथेच यावं लागतं. त्या काठावर औषध चोळलेले दाणे टाकायचे आणि तासाभराने गोणी भरायची, हा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात वाईट प्रकार. थायमेट या जहाल कीटकनाशकाच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे, पण जुनं घरात पडलेलं असतं आणि गरज पडली तर बाहेरूनही येतं. त्या डबक्यावर शेळ्या येतात, कुत्री येतात. शेळी मेली तर पंचनामा कुणी करायचा? आणि असं मेलेलं पाखरू शिजवून कुणाला तरी वाढलं जातं. खाणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

'पाखरं संपली नाहीत' हे तुमचं वाक्य मला अडतं ते एवढ्यासाठी, की मोजली कुणी? आपला रानपिंगळाच घ्या. १८८४ साली खान्देशातून त्याचा शेवटचा नमुना गोळा झाला आणि मग ११३ वर्षं तो आहे की गेला हे जगात कुणालाच सांगता येईना. १९९७ च्या नोव्हेंबरात परदेशातून आलेल्या अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. तिथली माणसं त्याला बघत असतीलच, विचारायला कुणी गेलं नव्हतं. त्याच्यावर संकट आलं ते मुख्यतः जंगल तुटल्यामुळे, शिकाऱ्यांवर त्याचं खापर मी फोडत नाही. पण एवढ्या नामांकित पाखराचा हिशेब आपल्याकडे शंभर वर्षं नव्हता, तर लाव्ह्यांचा कुठून असणार? ज्यांचा रोज वावराशी संबंध आहे ते मात्र सांगतात की पहाटे तितरांचं ओरडणं पूर्वीसारखं राहिलं नाही. ही मोजणी नाही, पण तुमच्या वाक्यालाही याहून जास्त आधार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, तक्रार करून उपयोग काय, उलट तक्रार करणाऱ्याचंच नाव बाहेर येतं. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने गाडी अडवायला जाऊ नये, रात्री तर नाहीच. वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री नंबर आहे. गाडीचा नंबर, वेळ, गट नंबर एवढं सांगितलं तरी पुरतं. 'हे वनखात्याचं काम, आमचं नाही' असं पोलिसांनी म्हटलं तर तेही चालत नाही, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला झडती घेऊन माल जप्त करायचा अधिकार वन्यजीव कायद्यानेच दिलाय. कुणीच हललं नाही तर ६० दिवसांची नोटीस देऊन साध्या नागरिकालाही थेट कोर्टात फिर्याद करता येते. वाट लांबची आहे, पण आहे.

त्याहून सोपं म्हणजे तक्रार एकाच्या नावाने न जाता गावाच्या नावाने जावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती असते. तुमच्या गावची कागदावर तरी असेलच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा, की शिवारात रात्री हत्यार किंवा जाळं घेऊन येणाऱ्याला गावाची मनाई आहे आणि दिसल्यास पंचायत स्वतः कळवेल. प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला. मी मांडला तर 'आला पाखरंवाला' म्हणून हसतील. तुम्ही, ज्यांच्या आज्याने लाव्हे धरले आणि ज्यांची दादर भोरड्या खातात, तुम्ही मांडलात तर कुणी हसणार नाही. मसुदा मी लिहून देतो, फक्त तुमच्या शिवारातले गट नंबर आणि नाल्यांची नावं तेवढी कळवा.