‘सिस्टरला थिअरी कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

सध्या धुळे-जळगावच्या नर्सिंग ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. लिहिणारा कोण ते माहीत नाही, पण ‘शंभर टक्के खरं’ म्हणत तो पुढे ढकलणाऱ्यांत आम्हीच शिकवलेल्या मुली आहेत, म्हणून उत्तर देणं आलं. मजकुराचा गोषवारा असा: रुग्णाकडे माणूस म्हणून समग्र बघा असं सांगणाऱ्या नर्सिंग थिअऱ्या म्हणजे गोड बोलण्याला दिलेलं भारी नाव. चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असताना त्यांना वेळ कुठून आणायचा? त्या गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी लिहिलेल्या, अक्कलकुव्याच्या पेशंटला त्यांचा काय उपयोग? सिस्टरला शीर सापडली, इंजेक्शन नीट देता आलं की झालं, बाकीचं डॉक्टर बघतात. सबब थिअरीचा पेपर काढा, प्रॅक्टिकल वाढवा.

गोड बोलण्यापासून सुरू करू. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सने १९६६ साली मांडलेली नर्सिंगची व्याख्या काढून वाचा. त्यात माया, प्रेम, हसरा चेहरा यांतलं काहीही नाही. तिचं म्हणणं एवढंच की अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर माणसाने जी कामं आपली आपण केली असती, ती करायला त्याला मदत करायची. आणि तीही अशी, की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. ही कामं तिने चौदा गरजांत मांडली: श्वास, खाणंपिणं, शी-लघवी, हालचाल, झोप, कपडे, अंगाचं तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, बोलणं, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणं, काम, विरंगुळा, शिकणं. पोरी ही यादी पाढ्यासारखी घोकतात आणि पेपर झाला की विसरतात, हे खरं आहे. पण ती यादी वॉर्डात चालते कशी, ते एकदा बघा.

धडगावकडची सोळा-सतरा वर्षांची पावरा आदिवासी मुलगी. सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार; हातापायांत कळा. केसपेपरवर लिहिलंय, ‘भरपूर पाणी पाजा’. सिकलसेलमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी जास्त वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा वाढतात, म्हणून ही सूचना. तीन पाळ्यांच्या सिस्टरांनी तिला ‘पाणी पी गं’ म्हटलं, गोडच म्हटलं. पोरगी मान हलवायची आणि प्यायची नाही. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना एकीने सांगितलं, ‘ऐकत नाही, नाटकं करते.’ मग आमच्या एका विद्यार्थिनीने यादी धरली. पिणं अडलंय, तर पुढची गरज बघ: लघवी. संडास व्हरांड्याच्या पार टोकाला. त्याच्या पुढची: हालचाल. पाय टेकला की कळ. झोप: आई धाकट्याला घेऊन गावी गेलेली, रात्री उठवायला कोणी नाही. बोलणं: पोरगी पावरी बोलते, आणि पुरुषांच्या देखत लघवीचं नाव काढणार नाही. म्हणजे पाणी प्यायचं कळत नव्हतं असं नाही. पाणी प्यायलं की चालावं लागेल, म्हणून ती पीत नव्हती. माहिती होती, बळ नव्हतं. मग काय केलं? पडदा लावला, वॉर्डातल्या मावशींकडून लघवीचं भांडं मागवून खाटेखाली ठेवलं, दुखण्याची गोळी लिहिलेल्या वेळेवरच पण उठण्याच्या आधी पडेल असं बघितलं, आणि तांब्या उजवीकडून डावीकडे घेतला, कारण सलाईन उजव्या हाताला होतं. संध्याकाळपर्यंत इनटेक-आउटपुटचा, म्हणजे पाणी किती प्यायली आणि लघवी किती झाली याचा, कागद भरायला लागला.

याला गोड बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा.

वेळेचं उत्तर निम्मं याच गोष्टीत आलं. नुसतं ‘पी गं, पी गं’ करण्यात तीन पाळ्या गेल्या, त्याचा हिशेब कुणी धरत नाही. राहिला चाळीस पेशंटचा मुद्दा. तो खरा आहे, आणि त्याबद्दल मजकूर लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. २००२ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला: शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे आकडे घेऊन भरतीसाठी भांडा, मीही येते. पण माणसं कमी आहेत म्हणून बघणंच सोडून द्या, हा कुठला न्याय?

आता ‘गोऱ्यांचं’. थर्मामीटरही आपल्या आजीने शोधलेला नाही, त्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही. शिवाय चरकसंहिता उघडा. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय तिथे सांगितलेत, आणि परिचारकाचे चार गुण दिलेत: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याबद्दल अनुराग, शुचिता. ज्ञान पहिलं, माया तिसरी. पण माझा खरा मुद्दा मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन नर्सच्या थिअरीचा आहे. ‘प्रत्येक पेशंटची रीत वेगळी’ हेच या बाईने थिअरीच्या मध्यभागी ठेवलं आणि तीन वाटा दिल्या: चांगली रीत जपा, अडचणीची जुळवून घ्या, घातक असेल ती बदलायला मदत करा. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या बाळंतिणीजवळ जाऊन बघा. डिंकाचे लाडू: खाऊ द्या. खाटेखालची शेगडी: पारा पंचेचाळिशीकडे निघालेला, खोलीला खिडकी नाही, धूर बाळाच्या नाकात, तर शेक थोडा वेळ, सकाळी, दार उघडं ठेवून. पहिला चीक पिळून टाकणं: हे मात्र बदलायचंच, आणि सुनेला नव्हे, सासूला शेजारी बसवून बदलायचं. ‘काय व्हई ऱ्हायनं, माय?’ असं अहिराणीत विचारलं तर सासू बसतेही. तिन्ही रीतींना एकाच दमात ‘अडाणीपणा’ म्हणणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात. घरी गेल्यावर त्यांचं कोणी काही ऐकत नाही.

सगळ्याच थिअऱ्यांची वकिली मी करणार नाही. मार्था रॉजर्स ही दुसरी अमेरिकन नर्स माणसाला ऊर्जाक्षेत्र म्हणते; ते ऊर्जाक्षेत्र घेऊन वॉर्डात काय करायचं, हे आजवर मला कुणी दाखवलेलं नाही.

‘बाकीचं डॉक्टर बघतात’ यावर फार लिहायला नको. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात. रात्री अडीचला तांब्या कुठे आहे ते त्यांना दिसणार नाही, ते त्यांचं कामही नाही.

पेपर काढून टाकायच्या मागणीत एक गोष्ट मला मान्य आहे: ‘हेंडरसनच्या चौदा गरजा लिहा’ हा प्रश्न खरोखर काढून टाका. त्याच्या जागी हा घाला: ‘वरच्याच मुलीला उद्या सुट्टी मिळणार आहे. दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाईल. थंडीत पहाटे फडात उतरावं लागतं, आणि जड काम, तहान, गारठा या तिन्हींनी तिच्या कळा उठतात. काम सोड, असं तिला सांगता येत नाही. बळ, इच्छा, माहिती यांपैकी कुठे काय कमी आहे ते लिहा, आणि सुट्टीच्या कागदावर तिला, तिच्या आईला व मुकादमाला काय सांगाल ते त्यांना समजेल अशा भाषेत लिहा. गुण १५.’