‘पाच वर्षं झाली, आता नवीनच घ्या’: एका मेसेजचा मुद्देसूद समाचार

कॉम्प्युटर घेण्याबद्दलचा एक मेसेज ग्रुपांवर सारखा फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: पाच वर्षांनी कॉम्प्युटर हळू होतोच, त्याच्यावर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवणं ही नुसती मलमपट्टी. विंडोज ११ बसत नसेल तर तो भंगारात काढा. सेकंडहँडच्या वाटेला जाऊ नका, स्वस्तातला का होईना पण नवाच लॅपटॉप घ्या. आणि डेस्कटॉप जुळवणार असाल तर प्रोसेसर (मुख्य चिप) सगळ्यात वरचा घ्या, बचत पॉवर सप्लायमध्ये (वीज पुरवणाऱ्या भागात) करा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला ऐकला तर चालण्यासारखं यंत्र टाकून दिलं जातं आणि जिथे हात आखडायला नको नेमका तिथेच आखडला जातो.

‘पाच वर्षांनी कॉम्प्युटर हळू होतोच’

प्रोसेसर वयामुळे हळू होत नाही. थंड राहिला तर पहिल्या दिवशी जेवढं काम करायचा तेवढंच आजही करतो. काळाबरोबर वेबसाइट आणि प्रोग्रॅम जड होतात हे खरं, पण घरच्या मशीनमध्ये त्याचा भार आधी तीन ठिकाणी येतो: हार्ड डिस्क, अपुरी रॅम किंवा धुळीने कोंडलेला पंखा. यातलं नेमकं काय, हे शोधायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. मग रोजच्यासारखं काम करा, नेहमीचे सगळे टॅब उघडे ठेवून, आणि मशीन अडकलं की त्याच क्षणी आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२० वर रेंगाळत असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही धावतेय, तर रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कवर भागवतंय. प्रोसेसर पूर्ण भरलाय, पण त्याचा गिगाहर्ट्‌झचा आकडा ‘बेस स्पीड’च्याही खाली उतरलाय, तर तो बहुधा तापतोय आणि स्वतःचा वेग कमी करतोय.

विंडोज हार्ड डिस्कवर असेल तर पहिला खर्च एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचा), यात दुमत नको. हिशेब करून बघा. हार्ड डिस्कच्या तबकडीचे मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९. एकूण १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला विखुरलेले जेमतेम ८० तुकडे. सुरू होताना विंडोज अशा छोट्या फायली हजारोंनी वाचतं. साध्यातली साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी तेच तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. हार्ड डिस्क तशीच ठेवून कितीही मोठा प्रोसेसर लावा, तो वाट बघत बसणार.

साटा घ्यायची की एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणीची)? ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ बघणं यात दोन्हींतला फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) जी घेतो ती घ्या. एम.२ची (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली की लगेच एनव्हीएमई मागवू नका, काही जुन्या बोर्डांवर त्या खाचेत फक्त साटाच चालते. मॅन्युअल आधी बघा. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, काही लॅपटॉपमध्ये मात्र २२४२च मावते. अगदी स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीची एक खोड माहीत असू द्या. सलग मोठी कॉपी करताना तिचा कॅशे (वेगवान तात्पुरती जागा) भरतो आणि लिहिण्याचा वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. विंडोजसाठी ती चालेल, रोज व्हिडिओच्या मोठ्या फायली हलवणाऱ्याने घेऊ नये.

डिस्क बदलताना गडबड दोन जागी होते. पहिली क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याआधी. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची (वाचताना अडलेल्या जागांची) मूळ संख्या, म्हणजे ‘रॉ व्हॅल्यू’, शून्य नसेल तर क्लोनच्या फंदात पडू नका. क्लोनला डिस्कवरचा सगळा डेटा वाचावा लागतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्या ताणातच जाते. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने घाला. त्याच यादीत फक्त ‘सीआरसी एरर’ (डेटा येताजाता झालेल्या चुका) वाढत असतील तर डिस्क बहुधा धडधाकट आहे, साटा केबल बदलून बघा. दुसरी गडबड क्लोन झाल्यावर. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर मशीन जुन्यावरूनच सुरू होतं आणि ‘एसएसडी घातली तरी फरक नाही’ असं वाटतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

तापणाऱ्या मशीनला धूळ झटकणं आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप) एवढंच बहुधा पुरतं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) बोर्डावर कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट नरम होऊ द्या, बंद करा, मग कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

‘रॅम वाढवणं म्हणजे मलमपट्टी’

हे अर्धंच खरं आहे. रॅम कमी पडत असेल तरच वाढवून फायदा. भरगच्च वापरातही ९ जीबीच लागत असेल तर १६ची ३२ करून काहीही बदलणार नाही. ८ जीबी कायम भरलेली असेल तर १६ केल्यावर मशीन ओळखू येणार नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत हे दिसतं. तिथेच ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं आलं, तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे आणि ती बदलता येणार नाही. विकत घेण्याआधी बघायची ओळ हीच.

डीडीआर३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, ती चुकीची आहे. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या बहुधा चालतात, पण दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि ग्राफिक्सचं काम प्रोसेसरच करत असेल तर १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या. दोन चॅनेल (रॅमकडे जाण्याच्या वाटा) मिळाले की ग्राफिक्सला फायदा होतो. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. त्या वेळी घाबरून वीज बंद करणं ही नेहमीची चूक.

आणि ‘थांबा, रॅम स्वस्त होईल’ हा सल्ला दर वेळी खरा ठरत नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. गरज मोजून झाली असेल तर जुन्या मशीनमधून काढलेली पट्टीसुद्धा चालते, मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवून तपासा. एकही एरर आली तर परत करा.

‘विंडोज ११ बसत नाही म्हणजे भंगार’

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या मुद्द्याने सगळ्यात जास्त लोकांना घाबरवलंय. पण ‘बसत नाही’ असं सांगणारी कित्येक मशीन्स प्रत्यक्षात पात्र असतात. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका (काही मॉडेलं सोडून) किंवा पुढची असेल, तर विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेचा भाग) बहुधा आत आहे, फक्त बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बंद आहे. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू करा, सिक्युअर बूटही (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू करा. त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी मशीन तीच मागून अडून बसेल. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने ती बदलता येते. आधी त्याची ‘व्हॅलिडेट’ तपासणी चालवा, बॅकअप घ्या, आणि रूपांतरानंतर बायोसमध्ये यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) निवडा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

प्रोसेसर खरंच जुना असेल तरी रस्ते आहेत. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली. ब्राउझर आणि कागदपत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) उत्तम चालतं. पेन ड्राइव्हवरून ते आधी चालवून बघा, तुमचा प्रिंटर आणि वाय-फाय ओळखतं का ते कळेल, डिस्कला हातही लागणार नाही. अट चुकवून विंडोज ११ घालायच्या युक्त्या फिरतात त्या माझ्या मते घरच्या मुख्य मशीनवर नकोत. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही.

मेसेज बरोबर ठरतो अशीही मशीन्स असतात. रॅम सोल्डर केलेली ४ जीबी, बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली: अशा लॅपटॉपवर खर्च करू नका. आणि फुगलेली बॅटरी असलेला लॅपटॉप चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

‘जुना नको, स्वस्त का होईना नवाच’

या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोरचा प्रोसेसर, सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली हळू साठवण) अशी जुळणी असते. विंडोजचे अपडेट उतरवायलाच तिथे जागा पुरत नाही, आणि यातलं काहीही नंतर वाढवता येत नाही. याउलट ऑफिसांतून निघालेल्या डेस्कटॉपमधला कोअर आय५-८५००, २०१८ चा असूनही, सहा कोरचा आहे, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे, आणि त्याच्या बोर्डावर रॅमच्या आणि डिस्कच्या खाचा असतात.

जुना घेताना मात्र डोळ्यात तेल घालून बघायला हवं. बायोसमध्ये शिरून बघा, पासवर्ड मागितला तर सौदा तिथेच सोडा. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडा. सुरुवातीलाच कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागितलं तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत अडकलेलं आहे आणि ते सोडवणं तुमच्या हातात नाही. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून अहवाल काढा. पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा.

ऑफिसच्या डेस्कटॉपचा खरा सापळा पुढे आहे. गेमिंगसाठी त्यात ग्राफिक्स कार्ड घालू असा बेत असेल तर आधी झाकण उघडून बघा. डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलांत पॉवर सप्लायचा आकार आणि बोर्डाचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा असतो, बाजारातला नेहमीच्या एटीएक्स आकाराचा सप्लाय बसत नाही. अरुंद कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. वेगळी वीज न मागणारं, खाचेतल्या ७५ वॉटवर चालणारं कार्ड एवढाच पर्याय मग उरतो.

‘सगळ्यात वरचा प्रोसेसर घ्या, दहा वर्षं बघायला नको’

घरकामाला वरच्या प्रोसेसरची ताकद बहुतेक वेळ पडूनच राहते, किंमत मात्र आज मोजावी लागते. त्यापेक्षा मधला प्रोसेसर आणि पुढे वाढवता येईल असा बोर्ड घ्या. एएमडीच्या एएम४ वर २०१७ ला रायझन घेतलेल्या अनेकांनी बायोस अपडेट करून त्याच बोर्डात २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला. इंटेलकडे एलजीए ११५१ या सॉकेटच्या एकाच नावाखाली सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी आली, पण आठवी पिढी २०० मालिकेच्या (सहावी-सातवीसाठीच्या) बोर्डात चालत नाही. सॉकेटचं नाव जुळलं एवढ्यावर प्रोसेसर मागवू नका, बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी आणि त्यासमोरची बायोसची आवृत्ती बघा. बायोसचं अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करून घ्या.

‘बचत पॉवर सप्लायमध्ये करा’

नको, इथे नकोच. डब्यावर ‘५०० वॉट’ लिहिलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर २५ अँपिअर असेल तर कामाचे फक्त ३०० वॉट आहेत, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवरच जगतात. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, शॉर्टसर्किट किंवा जास्त व्होल्टेजपासूनच्या संरक्षणाबद्दल काहीच सांगत नाही. निकृष्ट सप्लाय जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन जाऊ शकतो.

चांगला मॉड्युलर (केबली सुट्या करता येणारा) सप्लाय घेतलात की जुन्याच्या केबली काढून टाका, ‘कनेक्टर बसतोय’ म्हणून त्या पुन्हा वापरू नका. सप्लायकडच्या टोकाच्या पिनांना कुठलंही समान मानक नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही त्या वेगळ्या असू शकतात. केबल सहज बसते, बटण दाबलं की डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट येतात आणि जोडलेल्या सगळ्या डिस्क एकदम जळतात, त्यातल्या फोटोंसकट. नव्या सप्लायबरोबर त्याच्याच डब्यातल्या केबली लावा आणि कमी पडल्या तर नेमक्या त्याच मॉडेलच्या मागवा.