दीड महिना आधीच ठरलेला ताप

आज संध्याकाळी माझी मुलगी शाळेतून आली आणि हातपाय धुता धुता सहज म्हणाली, "आई, सहलीच्या दिवशी आमच्या वर्गातल्या एका मुलीला ताप येणार आहे." सहल जानेवारीत आहे आणि अजून नोव्हेंबरही संपलेला नाही. मुलीला त्यात काहीच वावगे वाटले नाही. मी मात्र गॅस बंद करून खाली बसले.

सहलीचे परिपत्रक मी सकाळीच वाचले होते. सातवीची निवासी सहल, तीन दिवस आणि दोन रात्री, कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टवर मुक्काम, प्रत्येकी 9,800 रुपये, आणि ही सर्व रक्कम एकाच वेळी भरायची. कार्यक्रमात पोहण्याचा तलाव, दोरीवरून घसरणे आणि रात्री डीजे. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या निम्म्या सोसायट्यांत पोहण्याचा तलाव आहे आणि डीजे तर आपल्याला गणपतीपासून लग्नापर्यंत वर्षभर न मागता ऐकायला मिळतो. त्यासाठी मुलांना घाटाच्या पायथ्याशी नेऊन, वर घाट न दाखवताच परत का आणायचे?

1993 साली मी आठवीत होते. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला होते. आमची सहल लाल एसटीने कल्याण, मुरबाड, माळशेज घाट या मार्गाने जुन्नरला गेली होती. मुक्काम तिथल्या एका शाळेच्या वर्गांत होता. प्रत्येकीने घरून सतरंजी, चादर, ताट आणि पेला आणला होता. पहाटे पाच वाजता बस शाळेसमोर उभी असताना माझी बाकावरची मैत्रीण मला निरोप द्यायला आली. तिला बस लागते म्हणून ती येणार नाही, असे तिने महिनाभर आधीच सांगून ठेवले होते. तिने खिडकीतून शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. मी तो माळशेज येईपर्यंत अर्धा संपवला. तिच्या वडिलांची कंपनी त्या वेळी कित्येक महिने बंद होती, हे मला खूप नंतर कळले. दर उन्हाळ्यात ती एसटीनेच कोकणात जात असे आणि तिला बस कधीही लागली नव्हती.

त्या सहलीने मला काय दिले हे सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला समजणार नाही. शिवनेरीचे सात दरवाजे आम्ही मोजत चढलो होतो आणि 1630 साली जिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या जागी बाईंनी आम्हाला काही न बोलता पाच मिनिटे बसवले होते. लेण्याद्रीला आम्ही गणपतीला गेलो. तो गणपती ज्या लेण्यात बसला आहे ते मुळात बौद्ध लेणे आहे, हे तिथे उभे राहून ऐकले आणि मग आम्ही सगळ्या जणी वर छताकडे पाहू लागलो. नाणेघाटात दगडी रांजण पाहिला, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. कल्याणच्या बंदरातून माल याच वाटेने वर जुन्नरला जात असे, हे ऐकल्यावर ठाण्याच्या मुलींना आपला रोजचा लोकल गाडीचा मार्ग निराळा दिसू लागतो. तिथल्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि त्यात संख्याही कोरलेल्या आहेत. आमच्या गणिताच्या सरांनी तिथेच अर्धा तास काढला. आज त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, आमच्या वेळी ती बांधून पूर्ण झालेली नव्हती. आधी पत्र पाठवून परवानगी मागितली, तर सातवीच्या मुलांसाठी याहून मोठा विज्ञानाचा तास कोणता असेल?

आणि हे सर्व स्वस्त आहे. शालेय सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. जुन्नर, ओझर, लेण्याद्री या परिसरात भक्तनिवास आहेत, साधे जेवण मिळते. मी आज दुपारी हिशेब मांडून पाहिला. दोन रात्रींची सहल माझ्या अंदाजाने 3,000 रुपयांच्या आत बसते आणि ती रक्कम तीन हप्त्यांतही घेता येते.

रिसॉर्टवर स्वच्छतागृहे चांगली असतात, हे मला मान्य आहे. सुरक्षिततेची काळजीही खोटी नाही. 2016 साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली मुले बुडाली, त्यानंतर कोणतीही मुख्याध्यापिका दहा वेळा विचार करणारच. पण मुलींसोबत पुरेशा शिक्षिका असणे, प्रथमोपचाराची पेटी असणे आणि पाण्याच्या जवळ न जाणे या गोष्टींना 9,800 रुपये पडत नाहीत. त्या नीट ठरवाव्या लागतात आणि शाळेला तेवढे कष्ट नको आहेत, असे मी आज स्पष्टच लिहिते.

हे लिहिताना माझा आवाज चढला आहे, हे मला जाणवते आहे. वर्गशिक्षिकांवर माझा रोष नाही. त्या बाई रात्री अकरा वाजता पालकांच्या संदेशांना उत्तर देतात. माझा रोष या ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. आधी रिसॉर्टचे माहितीपत्रक येते, मग रक्कम ठरते आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्या मुलांनी आपापले कारण शोधायचे. वर्गातल्या सर्वांत ओढग्रस्तीच्या घराला किती झेपेल, हे आधी विचारून मग ठिकाण का ठरवू नये? बारा वर्षांच्या मुलीने दीड महिना आधी ताप ठरवून ठेवावा आणि तिच्या मैत्रिणीने तो खरा मानावा, जसा मी 1993 साली मानला होता, हे मला सहन होत नाही.

तो शंकरपाळ्यांचा डबा अजून माझ्या आईकडे आहे. त्यावर माझ्या मैत्रिणीच्या आईचे नाव कोरलेले आहे. दहावीनंतर ते कुटुंब गावी गेले आणि डबा परत करायचा राहून गेला.

शनिवारी सकाळी दहा वाजता पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. जुन्नरच्या सहलीचा हिशेब मी एका कागदावर लिहून नेणार आहे. सातवीच्या ज्या पालकांना हे पटते त्यांनी कृपया बैठकीला यावे आणि तोपर्यंत संमतीपत्रावर सही करू नये. ज्या मुलीला ताप येणार आहे, तिचे नाव मी मुलीला विचारलेले नाही आणि तुम्हीही कोणी आपल्या मुलांना ते विचारू नका.