तळ दिसला म्हणजे झालं?

काचेसारख्या पाण्यावर अधांतरी वाटणारी होडी आणि खाली मजकूर: 'तळ दिसतो ते पाणी शुद्ध. बिनधास्त प्या, पोहा. एवढ्या मोठ्या सरोवराला चार माणसांच्या अंघोळीने काही होत नाही. निसर्ग आपोआप सगळं साफ करतो. उगाच बंदी घालून सौंदर्य कोंडून ठेवू नका.' हा संदेश मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवला. फोटो देखणा आहे, वादच नाही. मजकूर मात्र एकेक वाक्य धरून तपासावा असा आहे.

'तळ दिसतो ते पाणी शुद्ध.' हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशातला हा युक्तिवाद. पण डोळ्यांना कळतं ते इतकंच, की या पाण्यात प्रकाश अडवणारं फारसं काही नाही. पोट बिघडवणारा जिआर्डिया हा परजीवी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. डोंगरातल्या नितळ पाण्यातही तो असू शकतो आणि दिसणार नाही. त्याहून बोचरी गोष्ट नॉर्वे-स्वीडनची. विसाव्या शतकात आम्लवर्षेने तिथली हजारो तळी नासली. मासे नाहीसे झाले, आणि त्यांतल्या कित्येक तळ्यांचं पाणी पूर्वीपेक्षा नितळ झालं! अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी तरंगतं सूक्ष्म शेवाळ गाळून फस्त केलं. पाणी झळझळीत झालं, पण त्या शेवाळावर ज्यांची साखळी उभी होती त्या जिवांची उपासमार झाली. फोटोत यातलं काहीही उमटत नाही.

'एवढ्या मोठ्या सरोवराला काही होत नाही.' खरी गोम इथे आहे. निसर्गतः नितळ असलेलं पाणी हे उपाशी पाणी असतं. त्यात स्फुरद आणि नत्र इतकं थोडं, की शेवाळाला वाढायला काही मिळतच नाही. म्हणून तर तळ दिसतो. आधीच हिरव्यागार डबक्यात थोडं सांडपाणी गेलं तर कुणाला कळणारही नाही, उपाशी पाण्याला मात्र तेवढंही पुष्कळ होतं. आणि मोठेपणाचंच म्हणाल तर रशियातल्या बैकाल सरोवराहून मोठं काय दाखवणार? जगातल्या न गोठलेल्या गोड्या पृष्ठजलाचा सुमारे पाचवा हिस्सा, खोली १,६४२ मीटर. तरी काठच्या वस्त्यांच्या सांडपाण्याने तिथल्या उथळ पाण्यात स्पायरोगायरा या शेवाळाचे हिरवे थर माजले. घाण सरोवरभर पसरून विरळ होईल तेव्हा होईल, आधी ती काठाला गाठते.

अमेरिकेतल्या टाहो सरोवरात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपतात. १९६८मध्ये ती वर्षाच्या सरासरीने ३१ मीटरपर्यंत दिसत होती. अलीकडे २० मीटरच्या आसपास. सांडपाणी तर तिथे कित्येक दशकांपासून खोऱ्याबाहेर वाहून नेलं जातं. मग घात कुणी केला? मुख्यतः रस्त्यांवरून आणि बांधलेल्या जमिनीवरून धुपून येणाऱ्या अतिबारीक मातीने, जोडीला शेवाळाने. ही माती इतकी हलकी की लवकर तळाशी बसतच नाही.

'निसर्ग आपोआप साफ करतो' याला सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवराचा दाखला देतात. १९६०च्या दशकात तिथे जेमतेम मीटरभर खोल दिसायचं, १९७०च्या दशकाच्या अखेरीस सहा-सात मीटर. खरं आहे. फक्त मधली ओळ गाळलेली असते: १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात पडणारं सांडपाणी लोकांनी मतं देऊन, पदरचे पैसे घालून दुसरीकडे वळवलं. शिवाय त्या सरोवरातलं पाणी दोन-तीन वर्षांत बदलतं. टाहोला त्यासाठी सुमारे ६५० वर्षं लागतात.

राहिली बंदी. न्यूझीलंडमधल्या रोटोमाइरेव्हेनुआ तळ्यात ७०-८० मीटर दूरचं दिसतं. तिथल्या मूळ रहिवासी माओरींसाठी ते पवित्र आहे, आणि पाण्याला स्पर्शही करू नका असं येणाऱ्यांना सांगितलं जातं. कारण ओल्या बुटांतून, बाटल्यांतून लिंडाव्हिया हे चिकट शेवाळ एका तळ्यातून दुसऱ्यात जातं. पायवाट मात्र तळ्याजवळूनच जाते. बघायला कुणाची ना नाही.

त्या फोटोतली होडी याआधी कुठल्या पाण्यात होती, हे मजकुरात कुठे लिहिलेलं नाही. बाहेरचे जीव होडीबरोबर येऊ नयेत म्हणून टाहोत ती उतरवण्याआधी नेमकं हेच विचारतात. तिची तपासणी २००८पासून सक्तीची आहे.