केबलवाल्यालाच फोन लावा

इंटरनेट बंद पडलं की केबलवाल्याला फोन लावायचा, ही पुण्याची रीत आहे आणि ती मोडण्याचं काहीच कारण नाही. तो "रस्ता खणलाय काका, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल" म्हणतो. कुठल्या दिवशीची संध्याकाळ, ते सांगत नाही. तरी इंटरनेटच्या एवढ्या मोठ्या कारभारात आपल्याकडे नंबर असलेला हा एकमेव माणूस. त्यामुळे मुलांच्या रील्सपासून चीनच्या सेन्सॉरशिपपर्यंत सगळ्याचा जाब त्यालाच विचारावा. बिचारा ऐकून घेतो.

त्याच्या वर कोण, हा प्रश्न मनात आलाच तर कट्ट्यावर विचारा. उत्तर तयार असतं: "अमेरिका." फार सोयीचं उत्तर आहे, कारण त्यानंतर लगेच चहा सांगता येतो. डोमेन नावांची, म्हणजे वेबसाइटच्या नावांची, आणि पत्त्यांची मूळ वही सांभाळणारी आयकॅन ही कॅलिफोर्नियातली विनानफा संस्था १९९८ साली निघाली, अमेरिकी वाणिज्य खात्याशी तिचा त्या वहीबद्दलचा करार ३० सप्टेंबर २०१६ ला संपला, असल्या तपशिलात शिरू नका. शिरलात की "मग आता मालक कोण?" असं कोणीतरी विचारणार, आणि "मालक कोणी नाही, जो बैठकीला बसतो त्याचं चालतं" असं कबूल करावं लागणार. कोरम नाही म्हणून सोसायटीची सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच खुर्च्यांवर त्याच सात जणांनी पुन्हा भरवायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या मूळ वहीवर सह्या करणाऱ्या किल्ल्यांना मान्यता देणारी एक मुख्य डिजिटल किल्ली असते. सहसा वर्षातून चारदा, कॅलिफोर्निया किंवा व्हर्जिनियातल्या कडेकोट खोलीत, देशोदेशींच्या विश्वासू माणसांना साक्षी ठेवून ती वापरतात. कॅमेरा चालू, प्रत्येक पायरी आधी लिहून ठेवलेली, अगदी सत्यनारायणाच्या पोथीसारखी. फेब्रुवारी २०२० मध्ये तिजोरीच उघडेना, शेवटी कुलूपवाला बोलावून ती फोडावी लागली. आमच्या आत्याचं सदाशिव पेठेतलं लोखंडी कपाट हँडल वर उचलून कमरेनं एक धक्का दिला की उघडतं. तिला कोणी विचारलं नाही. हा सोहळा कोणालाही घरबसल्या बघता येतो, म्हणून आवर्जून बघू नये.

आता जरा नाजूक विषय. शुद्धलेखनावर तुमचं प्रेम आहे. दुकानाच्या पाटीवरची चुकीची वेलांटी पाहून तुम्ही स्कूटर थांबवता. तर ऐका. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी .com असतं तसं देवनागरीत .भारत निघालं २०१४ मध्ये. पण इंटरनेटच्या मुळाशी, म्हणजे शेवटच्या टिंबानंतर, कुठली अक्षरं कशी चालतील हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. 'आचार्यास' म्हणजे गुरुजींना, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. हा 'ऱ्या' एरवी संगणकावर काढताना बरेचदा मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, आणि न दिसणारी चिन्हं त्या मुळाशी चालत नाहीत. म्हणजे मराठीतला आचारी आचार्य होऊन बसणार! यावर भारतीय लिप्यांसाठी नेमलेल्या स्वयंसेवकांच्या गटानं खल केला आणि खाली टिंब असलेला 'ऱ' फक्त य आणि ह यांच्या आधी चालेल, अशी वाट काढली. दऱ्या वाचल्या, तऱ्हा वाचली. मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला होता. तुम्ही त्या वेळी काय करत होतात? 'सूचना' ऱ्हस्व की दीर्घ यावर मावसभावाशी अबोला धरला होतात. तो अजिबात सोडू नका.

एकदा मात्र आपल्या लोकांकडून चूक झाली. २०१५ मध्ये दूरसंचार नियामकानं नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखीच वागणूक द्यावी का यावर, मतं मागवली आणि लाखो लोकांनी चक्क ई-मेल पाठवले. परिणाम काय, तर ८ फेब्रुवारी २०१६ ला वेबसाइट पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई झाली. असं पुन्हा होऊ देऊ नका. लोक पत्रं लिहायला लागले तर उद्या एखाद्या जिल्ह्याचं इंटरनेट गृहसचिवांच्या सहीनं बंद होतं, तो आदेशही वाचायला मागतील.

इंटरनेटचा कारभार ठरवणाऱ्या बैठकीला न जाण्याची सबब मात्र पक्की हवी. "परदेशात असतात हो" हे चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००८ मध्ये आणि आयकॅनची बैठक २०१६ मध्ये हैदराबादला झाली होती. पुण्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळी बिर्याणीच्या गावात. त्यापेक्षा "तिथे कंपन्या पगार देऊन माणसं बसवतात, आमच्यासारख्याची रजा कोण भरून देणार?" असं म्हणा. हे खरंही आहे. दार सताड उघडं आहे, पण उंबरठा घोट्याला लागतो, आणि आतली बोली अशी की इंग्रजी येणाऱ्यालाही दुभाषा लागावा. शिवाय त्या फोरमला ठराव करायचा अधिकारच नाही, नुसती चर्चा. म्हणजे व्यासपीठ आपल्याच तोडीचं, पण भाड्याला महाग.

इतकं सांगूनही जायची खाज असेलच, तर आयईटीएफमध्ये जा. इंटरनेटची मानकं तिथे ठरतात. सभासदत्व नाही, वर्गणी नाही. प्रत्यक्ष सभेला बसायचं तेवढे पैसे पडतात. "राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला मान्य नाही, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे," असं इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड क्लार्क, १९९२ मध्ये तिथे म्हणून गेले. जुन्या रिवाजानं तिथे हातही वर करायचा नाही. अध्यक्ष विचारतात, पटलेल्यांनी 'हं' म्हणा. मग, न पटलेल्यांनी 'हं' म्हणा. कुठला हुंकार मोठा यावरून कल जोखतात, आणि पुढची भांडणं ई-मेलवर.

यात पुणेकरानं मागे का राहावं? आपल्या एका 'हं'मध्ये "पटलं", "बघू", "तुम्हाला काय कळतंय" आणि "चहा घेऊनच आला असाल" हे सगळं बसतं. फक्त जेवणानंतरच्या सत्रात शेवटच्या रांगेत बसू नका. एक ते चारमध्ये डोळा लागायचा, आणि तिथे घोरणंही मोजतात.