देणगी मागताना रुमालाचा खर्च सांगा

मोडी दफ्तर, म्हणजे मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं, वाचवण्याबद्दलचा एक लेख वाचला; त्यात 'सढळ हाताने मदत करा' एवढंच आवाहन आहे. त्यावर लोक एकदा पाचशे रुपये देतात आणि विसरतात. त्यापेक्षा एका रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या एका गठ्ठ्याचा, खर्च मांडा: कोरड्या मऊ ब्रशने सफाई, फाटक्या कडांना जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, आम्लविरहित खोकं, स्कॅनिंग. सेलोटेप आणि प्लास्टिक लॅमिनेशनला पैसे देऊच नका. टेपचा गोंद कागदात मुरला की डाग कायमचा, आणि लॅमिनेशन काढताना पान जातं.

स्कॅनरला देणगीदार पटकन मिळतो, त्याच्यावर नाव कोरता येतं ना! पण मोडी वाचून तारीख, गाव, विषय अशी यादी करणाऱ्याच्या मानधनाला कोणी मिळत नाही. यादीविना हजारो फोटो म्हणजे नुसती हार्डडिस्क. मानधन आधी मागा.

कायम निधीसाठी (मुद्दल न मोडता व्याज वापरायचं, अशा निधीसाठी) रक्कम असेल तर देणगीदाराकडून तसं लेखी घ्या. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात देणगीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) वजावट नाही, हे पावतीपूर्वीच सांगा. परदेशस्थ मराठी माणसाचा पासपोर्ट भारतीय आहे ना, हेही विचारा. परकीय नागरिकत्व घेतलेल्याची देणगी संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, मग तो मूळचा सदाशिव पेठेतला का असेना.