इन्सुलिनची गोळी दडवून ठेवली आहे म्हणे

फोंडा, डिचोलीकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. इन्सुलिनची गोळी कधीच तयार झाली, सुया विकणाऱ्या कंपन्या ती दाबून बसल्या आहेत. आम्लात न विरघळणारं वेष्टन लावलं की काम फत्ते. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्याच दुसऱ्या इंजेक्शनची गोळी निघाली हाच पुरावा. आणि तोवर इंजेक्शनच्या बाटलीतलं (व्हायलमधलं) इन्सुलिन प्यायलं तरी चालतं. आयसीएमआरच्या 2023 साली छापलेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, 26.4 टक्के, गोव्यातच निघालं होतं. तेव्हा हे हसण्यावारी नेता येत नाही.

मेसेजमधला शेवटचा दावा, इन्सुलिन पिण्याचा, आधी घेतो. प्यायलेलं इन्सुलिन पोटात डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. टाइप 1 च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा रुग्णाने इंजेक्शन सोडून हा प्रयोग केला तर जिवावर बेतेल.

वेष्टनाने जठरातलं आम्ल आणि प्रथिनं तोडणारं पेप्सिन टळतं, हे खरं. पण पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन हे तसेच पाचक रस आहेतच. त्यातून वाचलं तरी आतड्याचं अस्तर आडवं येतं. 51 अमिनो आम्लांचा, सुमारे 5800 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) हा रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून शिरत नाही आणि दोन पेशींमधल्या फटीत मावत नाही. तोंडाने घ्यायची बहुतेक औषधं 500 डाल्टनच्या आतली असतात.

सेमाग्लुटाइडचा दाखला तर मेसेजवरच उलटतो. त्या गोळीत 'स्नॅक' नावाचं 300 मिलिग्रॅम मदतनीस रसायन घालावं लागलं, तरी औषधाचा जेमतेम एक टक्का रक्तात पोचतो. इंजेक्शनचा 1 मिलिग्रॅमचा डोस आठवडाभर पुरतो. गोळी 14 मिलिग्रॅमची, तीही रोज, म्हणजे आठवड्याला 98. शिवाय उपाशीपोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास ना चहा ना पोई! हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं, म्हणून आज जास्त, उद्या कमी शोषलं गेलं तरी निभावतं. इन्सुलिनचं तसं नाही. जरा जास्त शोषलं गेलं की साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

राहिला कटाचा आरोप. इन्सुलिनची इंजेक्शनं विकणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कनेच त्याची गोळी रुग्णांवर तपासली होती. साखर ग्लार्जिन या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनच्या इंजेक्शनइतकीच आटोक्यात आली, पण डोस एवढा लागला की उत्पादन परवडेना. 2016 मध्ये काम थांबलं, आणि निकाल 2019 मध्ये चक्क छापून आले. इस्रायलच्या ओरामेड कंपनीची इन्सुलिनची गोळी जानेवारी 2023 मध्ये रुग्णांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात नापास झाली.

सुईचा धसका असलेल्यांसाठी नाकारता न येणारी बातमी वेगळीच आहे: डिसेंबर 2024 मध्ये भारतात श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनला परवानगी मिळाली. मात्र ते जेवणाच्या वेळचं. दमेकऱ्यांना चालत नाही, आणि टाइप 1 वाल्यांना सोबत लांब पल्ल्याचं इंजेक्शन घ्यावंच लागतं.